प्रेमाची गोष्ट कोणाची?

प्रेम दोघांचे असते. त्याची कादंबरी मात्र बहुधा एकटाच लिहितो. मग दुसऱ्याच्या आयुष्यावर लेखकाचा अधिकार किती? हा प्रश्न आम्हांला केवळ साहित्याचा वाटत नाही. तो नीतीचाही आहे.

रुमानियाचे मिर्चा एलियादे १९२८ साली भारतीय तत्त्वज्ञान शिकण्यासाठी कलकत्त्यास आले. १९३० मध्ये त्यांचे गुरू सुरेंद्रनाथ दासगुप्त यांनी त्यांना आपल्याच घरी ठेवून घेतले. तेवीस वर्षांचा हा विद्यार्थी आणि गुरूंची सोळाव्या वर्षात असलेली कवयित्री कन्या मैत्रेयी यांचे प्रेम जुळले. गुरूंना ते कळताच एलियादे यांना घर सोडावे लागले. १९३३ साली त्यांची ‘मैत्रेयी’ ही कादंबरी रुमानियात प्रसिद्ध झाली आणि नावाजली गेली.

या कादंबरीत लेखकाने स्वतःला अ‍ॅलन नावाचा अभियंता केले. तिचे नाव मात्र मैत्रेयीच ठेवले. तो पडद्याआड, ती उघड्यावर! शिवाय त्यात रंगविलेले देहसंबंध कधी घडलेच नाहीत, असे मैत्रेयीदेवींचे म्हणणे होते. पुस्तकात नेमके काय आहे हे त्यांना कळले ते सुमारे चाळीस वर्षांनी. १९७३ साली त्या शिकागोला जाऊन एलियादे यांना भेटल्या आणि १९७४ साली त्यांनी ‘न हन्यते’ ही बंगाली कादंबरी लिहिली. तिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

कोणी म्हणेल, कादंबरीला साक्षीपुराव्याची कसोटी का लावता? कल्पनेला मोकळीक हवीच, हे आम्हांला मान्य आहे. परंतु ती मोकळीक पात्रांपुरती असते. खऱ्या नावाने हिंडणाऱ्या माणसाला कल्पनेचे परिणाम खरोखरीच भोगावे लागतात.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मैत्रेयीदेवींनीही स्वतःला ‘अमृता’ म्हटले आणि नायकाचे नाव मिर्चाच ठेवले. मग फरक तो काय? आमच्या मते फरक सामर्थ्याचा आहे. शिकायला आलेला विद्यार्थी मायदेशी परततो; बोलबाला मागे राहिलेल्या अविवाहित मुलीचा होतो, आणि जे लिहिले गेले ते तिला वाचताही येत नाही. उलट १९७४ चे एलियादे हे जगन्मान्य प्राध्यापक होते. उत्तर देणे त्यांना सहज शक्य होते.

तरीही मैत्रेयीदेवींनी सूड घेतला नाही. गीतेने आत्म्याविषयी वापरलेले शब्द त्यांनी प्रेमाला लावले: देह मारला तरी जे मारले जात नाही, ते. १९९४ साली, त्यांच्या निधनानंतर, शिकागो विद्यापीठाने दोन्ही कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरे बरोबरच काढली. वाचकांनी त्या तशाच, एकीशेजारी एक ठेवून वाचाव्यात.

प्रेम संपले तरी एक कर्तव्य उरते: ज्या व्यक्तीने आपल्यावर विश्वास टाकला, तिचे नाव जपण्याचे. ते ज्याला पेलत नाही, त्याची प्रेमकथा कितीही सुंदर असो, तिच्यात दुसऱ्याचा न्याय्य वाटा बुडालेला असतो.