ब्रेकनंतरचा शॉट

कॅरम असो की पूल, अख्ख्या डावात एकच फटका असा असतो की ज्यात खेळणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. तो म्हणजे ब्रेक. सोंगट्या ठरलेल्या वर्तुळात, चेंडू ठरलेल्या त्रिकोणात. समोरच्यानं अजून काही बिघडवलेलं नाही, मध्ये काही आडवं आलेलं नाही, अंतर कालचंच आणि कोनही कालचाच. नंतरचा प्रत्येक शॉट दुसऱ्यानं मांडून ठेवलेल्या अडचणीतून काढावा लागतो. हा एकच सर्वस्वी आपला. तरीही हाताबाहेर जाणारा फटका बहुतेक वेळा हाच असतो. सगळं हातात असतं, नेमका तिथंच आपण हात सोडतो. हे असं का होतं, एवढंच आज बघायचं आहे.

जळगावात किंवा धुळ्यात संध्याकाळी एखाद्या पूल पार्लरमध्ये डोकावलं तर याचं उत्तर कानावर पडतं. कॉलेजातला पोरगा काठीच्या टोकाला खडू घासतो, वाकतो, आणि मागून मित्र ओरडतात, "लाव जोर, भो!" कुणी "नीट मार" म्हणत नाही. खाडकन आवाज होतो. पांढरा चेंडू टेबलाच्या कडेवरून उडून शेजारच्या टेबलाखाली जातो आणि सगळे खूश होऊन हसतात. पोरगा खाली वाकून चेंडू काढत असतो, तोवर समोरचा शांतपणे टेबलाभोवती फिरून आपला पहिला शॉट बघून ठेवतो. आवाज याचा झाला, टेबल त्याच्या वाट्याला गेलं.

जोर आणि नेम ही आपल्याला तराजूची दोन पारडी वाटतात. एक वर गेलं की दुसरं खाली येणारच. ब्रेकचा हिशेब तसा नाही. नऊ फुटी टेबलावर पांढऱ्या चेंडूच्या रेषेपासून त्रिकोणाच्या टोकापर्यंत अंतर सुमारे सव्वा मीटर. काठीची दिशा एका अंशानं चुकली, तर तिथं पोचेपर्यंत चेंडू सुमारे 2 सेंटिमीटर सरकलेला असतो. चेंडूचा व्यास 57 मिलिमीटर, म्हणजे त्याची निम्मी रुंदी तीन सेंटिमीटरही भरत नाही. एका अंशाच्या चुकीनं समोरासमोरची टक्कर अशी तिरकी होते. पुलाचे चेंडू जवळजवळ सारख्याच वजनाचे असतात. टक्कर सरळ झाली तर पांढरा चेंडू आपला बहुतेक वेग त्रिकोणाला देऊन टाकतो आणि टेबलाच्या मधल्या भागात थांबतो. तिरका लागला तर बराच वेग स्वतःजवळ ठेवून भलतीकडे धावतो, कधी थेट पॉकेटात जातो. मग समोरच्याला पांढरा चेंडू रेषेमागे हवा तिथं ठेवून खेळायला मिळतो.

म्हणजे नेम चुकला तर जोर नुसता वाया जात नाही, तो उलटतो. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेलं असतं. ती चौपट ऊर्जा त्रिकोणात गेली तर चेंडू विखुरतात. पांढऱ्या चेंडूत राहिली तर तोच चौपट त्वेषानं आपल्या मुळावर येतो. जोराला स्वतःची दिशा नसते. नेम जोराचा विरोधक नाही. जोर जिथं पोचायला हवा तिथं त्याला पोचवण्याचं काम नेम करतो.

मग हळूच मारावं का? नाही. तसा सावधपणाही खेळाला चालत नाही. आठ चेंडूंच्या पुलात ब्रेकवर एकही चेंडू पॉकेटात गेला नाही, तर किमान चार चेंडू कडेच्या गादीला लागायलाच हवेत, नाहीतर ब्रेक धरत नाहीत. नियमालाच भित्रेपणा मंजूर नाही. अर्धवट फुटलेला त्रिकोण टेबलाच्या मध्यावर गोळा होऊन बसतो आणि तो फोडण्याचं काम, शिवाय त्याचा फायदा, समोरच्याकडे जातो.

याच पार्लरमध्ये शेजारच्या मोठ्या टेबलावर स्नूकर चालू असेल तर तिथला ब्रेक अगदी उलटा दिसतो. लाल चेंडूंचा त्रिकोण तसाच पंधराचा, पण तिथला जाणता खेळाडू त्याच्या कडेच्या एका लाल चेंडूला जेमतेम चाटून जातो आणि पांढरा चेंडू तीन-चार गाद्यांना लावून परत आपल्या टोकाला आणतो. हा खेळ आपल्यापासून फार दूर जन्मलेला नाही. 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये पावसाळ्याच्या कंटाळ्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी स्नूकर बसवला. भुसावळहून इटारसीमार्गे गाडी जाते तेच जबलपूर. पुलाला पुष्कळ जोर लागतो, स्नूकरला फार थोडा. जोर किती, हे मनगटात किती आहे यावर ठरत नाही. फुटल्यानंतर आपल्याला काय हवं आहे, यावर ते ठरतं. पुलाच्या खेळाडूला टेबल उघडायचं असतं, स्नूकरच्या खेळाडूला समोरच्यासाठी ते बंद ठेवायचं असतं.

आणि आपला कॅरम? खानदेशात पूल टेबलं शहरात आली तरी फोडण्याची खरी शाळा कॅरमचीच. गणपतीच्या मंडपामागं, व्यायामशाळेच्या ओट्यावर, रेल्वे कॉलनीत, धुळ्याच्या नंबर घातलेल्या गल्ल्यांत वरून लोंबणाऱ्या बल्बखाली बोर्ड मांडलेला असतो. जळगावच्या जैन इरिगेशननं तर कॅरमपटूंना नोकऱ्या देऊन संघ उभा केला आणि तो देशपातळीवरच्या स्पर्धांत उतरवला. ओट्यावरच्या बोर्डाला आणि स्पर्धेतल्या बोर्डाला रचना एकच: मधोमध लाल राणी, तिच्याभोवती सहा सोंगट्या, त्यांच्याभोवती बारा, आणि पांढऱ्यांचा इंग्रजी वाय. स्ट्रायकरपासून त्या वर्तुळापर्यंतचं अंतर एक वीतही नाही.

या वीतभरही नसलेल्या अंतरात कॅरमनं एक वेगळी गंमत ठेवली आहे. स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंत भरतो, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. पुलाचा चेंडू आपल्याएवढ्याशीच भिडतो. स्ट्रायकर स्वतःच्या एक तृतीयांश वजनाच्या सोंगट्यांवर जातो. त्यामुळं तो आदळून थांबत नाही, घुसतो. जोर जास्त झाला की सोंगट्या फ्रेमवर आपटून परत येतात, कुठं जाऊन बसतील सांगता येत नाही, आणि समोरच्याच्या काळ्याही भराभर पॉकेटात पडतात. नुसती काळी पडली तर आपली पाळी गेली आणि समोरच्याचं काम आपणच फुकट केलं. स्ट्रायकर पॉकेटात गेला तर आपली एक सोंगटी दंड म्हणून परत. आणि जोराच्या भरात सोंगटी बोर्डाबाहेर उडाली तर? ती परत मध्यभागी ठेवतात. जिथून फोडायला निघालो, तिथंच ती पुन्हा येऊन बसते.

म्हणून जाणता कॅरमपटू ब्रेकच्या वेळी सोंगट्यांकडे कमी आणि पॉकेटांकडे जास्त बघतो. वायच्या भुजा कुठल्या दिशेला आहेत ते डोळ्यांनी तोलतो. पावडर बोटानं पुसतो, स्ट्रायकर रेषेवर दोनदा सरकवून बोर्ड आज कसा पळतोय ते बघतो. हे बघणं फार महत्त्वाचं. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते आणि बोर्ड काचेसारखा पळतो. श्रावणात तोच प्लायवूड ओल धरतो, पावडर चिकटते, स्ट्रायकर जड जातो. मेमधल्या हातानं श्रावणात मारलं तर सोंगट्या मध्येच अडून राहतात. श्रावणातला हात मेमध्ये लावला तर सगळ्या सोंगट्या भिरभिरतात. बल्ब वर टांगतात तो उजेडासाठी, पण ओल धरलेल्या बोर्डाला त्याची ऊबही उपयोगी पडते. हातातली ताकद बदललेली नसते, तिच्याखालचा बोर्ड बदललेला असतो. ज्याला हे कळत नाही तो बोर्डाला नावं ठेवतो.

बातम्यांमध्ये कॅरमपटूचं कौतुक कशासाठी होतं बघा. ब्रेक टू फिनिशसाठी. ब्रेक केला आणि त्याच हातानं, समोरच्याला संधी न देता, नऊच्या नऊ पांढऱ्या आणि राणी संपवली. म्हणजे ब्रेकची किंमत किती फुटलं यानं होत नाही, फोडणारा पुढं खेळत राहिला की नाही यानं होते. सोंगट्या चारी दिशांना पसरल्या आणि हात समोरच्याचा झाला, तर तो ब्रेक आपण दुसऱ्यासाठी केला. म्हणून चांगले खेळाडू सराव उलट्या बाजूनं करतात. आधी कमी जोरात, रोज त्याच जागी, त्याच रेषेत. फटका तिथं पक्का बसायला लागला की जोर थोडा चढवतात. नेम ढळला की परत एक पायरी खाली. जोर आधी शिकला आणि नेम मागाहून आणायचा म्हटलं तर चूक नक्की कुणाची हेच कळत नाही, हाताची की वेगाची. आपला योग्य जोर म्हणजे नेम टिकून राहील असा जास्तीत जास्त जोर. तो दुसऱ्याचा बघून ठरत नाही आणि "लाव जोर, भो" म्हणणाऱ्यांच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही. पुढचा शॉट त्यांना खेळायचा नसतो.

आता बोर्डाबाहेरची गोष्ट. घरात वाटणीची बोलणी बसायची आहेत. सगळे भाऊ ओसरीवर, मोठे आप्पा खाटेवर, चहा आलेला. अजून कुणी तोंड उघडलेलं नाही. हाच तो ब्रेक. धाकटा आठ दिवस मनात घोकून आलेला असतो. पहिल्याच श्वासात तो वीस वर्षांचा हिशेब काढतो: कुणाच्या लग्नाला किती लागले, बैलजोडी कुणी विकली, आईच्या आजारपणात कोण आलं नाही. सगळं खरंही असतं. पण बोलणं संपतं तेव्हा प्रत्येक सोंगटी फ्रेमवर आपटून परत आलेली असते, आणि वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या असतात. आता पुढचं वाक्य त्याचं नाही. दुसरा भाऊ म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं." त्याचा त्रिकोण फुटलेलाच नाही; तो दुसराच कुणी फोडणार आणि आपल्या सोयीनं फोडणार. तिसरा चहाचा कप खाली ठेवून म्हणतो, "आप्पा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आधी ठरवून घेऊ. बाकीचं त्यावरून सोपं होईल." या वाक्यात जोर कमी नाही. सगळ्यात दुखरी गोष्ट त्यानंच काढली, पण एकच काढली आणि नेमकी काढली. पाळ्यांवर बोलणं सुरू झालं की पुढचं वाक्य पुन्हा त्याच्याकडेच येतं.

धाकट्याचं काय चुकलं? राग खरा होता, कारणंही खरी होती. ती कशी मांडायची ते ठरवायला त्याच्याकडे आठ दिवस होते, आणि ते आठही दिवस त्यानं किती जोरात बोलायचं हे ठरवण्यात घालवले. बोलून झाल्यावर आपण कुठं उभे असू, हे ठरवायला एक मिनिटही दिलं नाही. ब्रेकमध्येही असंच होतं. फटका बसायच्या आधी सगळं आपल्या ताब्यात असतं, फटका बसल्यानंतर फक्त परिणाम असतात. आपण मात्र आधीच्या वेळात नुसता आवेश गोळा करतो आणि परिणाम नशिबावर सोडतो. मग म्हणतो, सुरुवात दणक्यात केली होती, पुढं नशीब आडवं आलं. नशीब फार क्वचित आडवं येतं. बहुतेक वेळा आपणच मारलेला पांढरा चेंडू फिरून आपल्या अंगावर आलेला असतो.

आज तुमच्यापुढंही एखादी सुरुवात असेल. नव्या जागेवरचा पहिला दिवस, वरिष्ठांना लिहायचं पत्र, ग्रामसभेत मांडायची तक्रार, मुलाशी करायचं अवघड बोलणं. जोर जरूर लावा. भिऊन चाटून गेलेल्या फटक्यानं काही फुटत नाही. पण हात मागं नेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे फुटल्यावर पुढचा शॉट माझा असेल ना? उत्तर येईपर्यंत थांबायला या एकाच फटक्यात वेळ मिळतो. नंतरच्या शॉटला कुणी एवढी सवड देत नाही.