दट्ट्याची आखूड धाव

इटालियन मोटारीचे नाव निघाले की लाल रंगाची, बसक्या बांध्याची फेरारी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि त्या देशाच्या इंजिनविद्येचा इतिहास म्हणजे धनिकांच्या हौशीचा इतिहास असा समज सहज रूढ होतो. प्रत्यक्षात त्या विद्येची खरी साधना लहान सिलिंडरची होती, आणि तिची मुळे सुबत्तेपेक्षा टंचाईत अधिक खोल गेलेली दिसतात.

दगडी कोळसा आणि खनिज तेल या दोन्हींसाठी इटलीला बाहेरच्या देशांकडे पाहावे लागे. पेट्रोल महाग होते आणि मोटारीवरील कर इंजिनाच्या घनक्षमतेशी, म्हणजे सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या एका धावेत जेवढी जागा व्यापली जाते त्या एकूण आकारमानाशी, जोडलेला होता. सामान्य बोलण्यात ज्याला ‘सीसी’ म्हणतात तेच हे माप. १८९९मध्ये तुरीन येथे स्थापन झालेल्या फियाटने १९३६मध्ये दांते जाकोझा या तरुण अभियंत्याच्या कल्पकतेतून जी ‘तोपोलिनो’, म्हणजे ‘छोटा उंदीर’, रस्त्यावर आणली, तिच्या चार सिलिंडरांची मिळून घनक्षमता अवघी ५६९ सीसी होती. इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे नेऊन आणि रेडिएटर त्याच्या मागे, वरच्या अंगाला बसवून जाकोझाने माणसांसाठी जागा काढली. कमी पैशांची मोटार म्हणजे मोठ्या मोटारीची गरीब नक्कल, ही कल्पनाच त्याने मोडीत काढली, आणि या कामगिरीचे मोल कोणत्याही शर्यतीतील विजयाहून कमी मानता येत नाही.

आता याच मापाने पहिल्या फेरारीकडे पाहावे. १९४७ सालच्या या मोटारीचे नाव ‘१२५ एस’ असे होते, आणि त्यातील १२५ हा आकडा एकेका सिलिंडरच्या घनक्षमतेचा होता. जोआक्कीनो कोलोंबो याने रचलेल्या या इंजिनात सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे एकमेकींना तिरक्या जोडल्या होत्या. सिलिंडरचा व्यास ५५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ५२.५ मिलिमीटर आणि बाराही सिलिंडरांची बेरीज १,५०० सीसीच्या आतच. तोपोलिनोचा एक सिलिंडर सुमारे १४२ सीसीचा असल्यामुळे, जगातील सर्वांत दिमाखदार मोटारींच्या घराण्याचा मूळपुरुष सिलिंडरच्या हिशेबात ‘छोट्या उंदरा’पेक्षाही लहान ठरतो. यामागचा विचार नीट समजून घेण्यासारखा आहे. इंजिनाची शक्ती वाढवायची तर एक तर घनक्षमता वाढवावी लागते, नाही तर फेरे वाढवावे लागतात. पण फेरे वाढले की दट्ट्याची वर-खाली होण्याची गती वाढते आणि धातूवर येणारा ताण झपाट्याने चढत जातो. धाव आखूड ठेवली की तेवढ्याच गतीत फेरे जास्त मिळतात. ५२.५ मिलिमीटर धावेचा दट्ट्या मिनिटाला ६,८०० फेऱ्यांना सेकंदाला सरासरी बारा मीटरच्या आसपास अंतर कापतो. धाव ७५ मिलिमीटर असेल तर तीच गती ४,८०० फेऱ्यांच्या सुमारासच गाठली जाते.

ही विद्या एका कारखान्याची मिरास नव्हती. संगीतातील घराण्यांप्रमाणे ती गुरूकडून शिष्याकडे आणि एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे गेली. व्हित्तोरिओ यानो १९२३मध्ये फियाट सोडून मिलानच्या आल्फा रोमेओकडे आला; कोलोंबो तेथेच त्याच्या हाताखाली घडला आणि पुढे एंझो फेरारीसाठी इंजिन आखू लागला. यानो नंतर लान्चियात गेला, आणि तो तेथे असतानाच फ्रांचेस्को दे व्हिर्जिलिओच्या अभ्यासातून उतरलेले ‘व्ही’ रचनेचे सहा सिलिंडरांचे इंजिन १९५०च्या ‘औरेलिया’त नियमित उत्पादनात आले. उलट दिशेचा प्रवास औरेलिओ लांप्रेदीचा. फेरारीला १९५२ आणि १९५३ची जागतिक अजिंक्यपदे ज्या चार सिलिंडरी इंजिनांनी मिळवून दिली ती घडवून तो १९५५मध्ये फियाटकडे गेला, आणि १९६६मध्ये त्याने दोन कॅमशाफ्टचे इंजिन सामान्य ग्राहकाच्या मोटारीत आणले. झडपा उघडणारा दंड म्हणजे कॅमशाफ्ट. तो सिलिंडरच्या माथ्यावर, झडपांच्या अगदी जवळ बसवला की मधल्या दांड्यांचे वजन जाते आणि झडपा वेगवान फेऱ्यांतही वेळ चुकवत नाहीत. आल्फा रोमेओने १९५४च्या ‘जुलिएत्ता’त १,२९० सीसीच्या अॅल्युमिनियमच्या इंजिनावर हे आधीच करून दाखवले होते, लांप्रेदीने साखळीऐवजी दातेरी पट्टा वापरून ते आणखी स्वस्त आणि शांत केले.

याच परंपरेची एक साधी शाखा मुंबईत येऊन स्थिरावली. फियाटने १९३७मध्ये ६८ मिलिमीटर व्यास आणि ७५ मिलिमीटर धाव असलेले १,०८९ सीसीचे इंजिन बाजारात आणले. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली, आणि तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. माप मात्र तेच राहिले. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, सिलिंडरच्या बगलेला असल्यामुळे दांड्यामार्फत रॉकर हलतो आणि रॉकर झडप दाबतो, म्हणून रॉकर आणि झडप यांमधील फट वेळोवेळी जुळवावी लागे. फीलर गेजची पातळ पट्टी त्या फटीत सरकवायची, ती किंचित अडत निघाली की स्क्रू तसाच धरून नट आवळायचा: ‘टॅपेट सेटिंग’ या नावाने ओळखले जाणारे हे काम मुंबईतील कितीतरी मेकॅनिकांना रस्त्याच्या कडेला, पान्यांच्या एका पिशवीवर साधत असे. जाकोझाच्या पिढीने आखलेल्या इंजिनाचा हा सर्वांत मोठा गुण होता, की ते उघडणाऱ्याला समजत असे. सुट्या भागांसाठी दूरदेशी पाहण्याची गरज न पडता काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे त्यांतील शेवटची ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली, तोवर ६८ गुणिले ७५ हे माप इटलीत प्रथम आखले गेल्याला शहाऐंशी वर्षे झाली होती.