ठेवावयाची की विकावयाची?

बदलीच्या नोकरीत जन्म काढणाऱ्यांना जुनी वस्तू घेणे आणि निघताना ती विकणे, हे दोन्ही व्यवहार चांगले परिचित असतात. गुवाहाटीस असताना आम्ही बदलून जाणाऱ्या एका गृहस्थाकडून एक जुनी सीजे-३बी जीप घेतली. विलीज कंपनीने १९५३ साली काढलेली आणि पुढे महिंद्र कंपनीने आपल्या देशात दीर्घकाळ बनविलेली ही उंच बॉनेटची गाडी. रंग नवा होता. आम्ही संतुष्ट होतो.

पहिल्याच पावसाळ्यात रंगावर फोड उठले. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. मिस्त्रीने पत्र्याला लोहचुंबक लावला, तो चिकटेना. खाली पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी होती. रबरी चटईखालचा तळही चाळणी झालेला होता.

मिस्त्रीने एकच प्रश्न केला : "साहेब, गाडी ठेवायची आहे की विकायची?"

विकावयाची असल्यास पुन्हा पुट्टी आणि रंग. काम दोन दिवसांचे. ठेवावयाची असल्यास स्वच्छ धातू लागेपर्यंत गंजका भाग कापावा लागणार. पुठ्ठ्याचा नमुना काढून त्याच जाडीचा पत्रा बसवावा लागणार. आणि उष्णतेने तो वाकू नये म्हणून जागा बदलीत तुटक टाके देऊन वेल्डिंग करावे लागणार. वर जस्ताचा प्राइमर, आणि तळाची पाणी निघून जाणारी छिद्रे मोकळी.

आमच्या बदलीचा हुकूम केव्हाही येण्याजोगा होता. खर्च आमचा आणि लाभ परक्याचा, असा हा हिशेब! शिवाय पुट्टी भरताना आपण कोणाशी खोटे बोलत नाही, असेही मन सांगू लागले. पण जो पाहणार आहे त्याच्यासाठीच रंग द्यावयाचा, तर तो रंगच आपल्या वतीने बोलत असतो. पुट्टी स्वतः दोषी नव्हे. शाबूत पत्र्यावरील खोक तिने बुजविली तर ती दुरुस्ती. पत्र्याच्या जागी ती उभी राहिली तर ती फसवणूक.

कचेरीतही आपण असेच तीन वर्षांचे मालक असतो. आपल्या कारकिर्दीपुरते टिकेल एवढेच काम करून कार्यभार सोपविणे सोपे असते. फोड उठतात ते पुढच्याच्या पावसाळ्यात. तेव्हा मिस्त्रीच्या प्रश्नाला आम्हांला एकच उत्तर उचित वाटते : विकावयाची असली तरी ठेवावयाची समजूनच दुरुस्त करावी.

आम्ही पत्रा कापविला. तळाखालचे टाके मात्र घासून गुळगुळीत करविले नाहीत. पुढचा मालक खाली वाकून पाहील, तर जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते, हे त्याला दिसावे.