मुलीच्या ताटाची आठवण

(मननासाठी : मार्क ५:३५–४३)



याईराच्या घरी आकांत चालला होता. त्याची बारा वर्षांची कन्या मरण पावली होती. प्रभूने तिचा हात धरून तिला उठविले, तेव्हा आईबाप थक्क होऊन पाहतच राहिले. परंतु मुलीस भूक लागली असेल, ह्याची आठवण प्रभूस राहिली. तिला काही खाऊ घाला, अशी त्याने आज्ञा केली. जीव देणे हे त्याचे काम. घास भरविण्याचे काम त्याने घरच्यांवर सोपविले.

ते काम आपण कसे करीत आहो? २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. एका घरी मी हे सांगितले, तेव्हा आजी म्हणाल्या, "पाळकसाहेब, आमच्या घराण्यातच उंची नाही." त्या घरात डाळ होती, भात होता, शेंगदाणेही होते, बाळाच्या वाटीत मात्र वरणावरचे निवळ पाणी होते. घट्ट अन्न त्यास पचणार नाही, असा प्रेमापोटीच झालेला तो समज! पाण्याने पोट भरते, पण हाड वाढत नाही. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे १००० दिवसांत जी वाढ खुंटते, ती पुढे सहसा भरून निघत नाही. आणि शरीराबरोबर बुद्धीचीही हानी होते.

ह्यास्तव आईबापांनो, जन्मल्यावर तासाभरात बाळास अंगावर पाजा. पहिला चीक टाकू नका. सहा महिने केवळ आईचे दूध द्या, पाणीही नको. सहा महिने पूर्ण होताच मऊ पण घट्ट अन्न सुरू करा. ते चमच्यावरून ओघळू नये. वरणभात कुसकरून त्यात थोडे तेल किंवा तूप घाला. नाचणीची खीर, शिजवलेली पालेभाजी, शेंगदाण्याचे बारीक कूट, अंडे, काटे काढलेली मासळी, हे आलटूनपालटून द्या. दोन वर्षे व पुढेही अंगावरचे दूध चालू ठेवा. बाळाची वाटी निराळी असावी, म्हणजे त्याने किती खाल्ले ते कळेल. दुखण्यात अन्न तोडू नका. भरविण्यापूर्वी साबणाने हात धुवा, कारण वारंवारची हगवण खाल्लेले अंगी लागू देत नाही. आणि गरोदर सुनेस सर्वांच्या शेवटी उरलेसुरले वाढू नका. तिच्याच ताटातून बाळ जेवत असते.

उपदेशक बंधूंनो, ज्या घरी डाळच नाही, तेथे केवळ बोध घेऊन जाणे म्हणजे भाकरी मागणाऱ्या लेकरास धोंडा देणे होय. तेथे मंडळीने आपल्या कणगीतून द्यावे, आणि आईस सोबत घेऊन अंगणवाडीत मुलाचे वजन व उंची मोजून घ्यावी.

आपण लेकरांसाठी प्रार्थना करितो, हे योग्यच आहे. परंतु "आमेन" म्हटल्यावर चुलीकडे वळा, आणि बाळाच्या वाटीत काय आहे ते पाहा.