जाहीरनामा आणि जमाखर्च



४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. निर्माणकर्त्याने सर्व माणसांना समान घडविले आणि स्वातंत्र्याचा हक्क त्यानेच दिला, असे त्यात म्हटले आहे. तो लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. सही करणारे एकमेव कॅथलिक, मेरीलँडचे चार्ल्स कॅरल, हेही मोठे गुलाममालकच.

त्यांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध जेफरसन यांनीच घातला होता. काँग्रेसने तो वगळला. म्हणजे चूक काय ते त्यांना ठाऊक होते. मग अडले कुठे? ते कर्जबाजारी होऊन वारले आणि १८२७ साली त्यांच्या १३० गुलामांचा लिलाव झाला. तत्त्व पटणे हे बुद्धीचे काम, त्याची किंमत मोजणे हे इच्छाशक्तीचे. त्यांनी न मोजलेली किंमत दुसऱ्यांनी मोजली.

आपल्या घरचे उदाहरण टाळून कसे चालेल? १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम लुईझियानाच्या मळेवाल्यांना विकले. सगळी स्नानसंस्कार देणाऱ्यांच्याच पदरची माणसे! रोममधील वरिष्ठांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या: कुटुंबांची ताटातूट नको, धर्माचरणात अडथळा नको, पैसा कर्जफेडीला नको. अटी मोडल्या गेल्या; काही पैशातून जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फिटले. मला मात्र त्या अटींचेच अधिक नवल वाटते. नीतिशास्त्र शिकलेल्या माणसांनी लहान प्रश्न इतक्या काळजीने विचारले, की मोठा प्रश्न राहूनच गेला: माणूस विकता येतो का? पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, तेव्हा बिशप जॉन इंग्लंड यांनी तो देशांतर्गत गुलामीला लागू नाही असा अर्थ लावला.

तरीही जाहीरनामा खोटा ठरत नाही. वाक्याचा खरेपणा बोलणाऱ्याच्या वागणुकीवर अवलंबून नसतो. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ सालच्या भाषणात तो फेकून दिला नाही, त्याचा हिशेब मागितला. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीही गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना.

२०१७ साली येशूसंघाने आणि जॉर्जटाउन विद्यापीठाने वंशजांची क्षमा मागितली. विक्री करणाऱ्या प्रांताधिकाऱ्याचे नाव असलेल्या इमारतीला आता आयझॅक हॉकिन्स यांचे नाव आहे. विक्रीच्या यादीत पहिले नाव त्यांचेच होते.