प्रतिग्रहाचा विवेक

दान देणाराच्या पुण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. घेणाराच्या कर्तव्याविषयी त्या मानाने थोडे. वस्तुतः आपल्या धर्मशास्त्रकारांनी प्रतिग्रह हाही तितकाच गंभीर विषय मानला होता. काय घ्यावे, कोणाकडून घ्यावे आणि ते पेलण्याची पात्रता आपल्या अंगी आहे काय, याचा विचार करूनच हात पुढे करावा, अशी त्यांची दृष्टी होती. संगणकाच्या आज्ञावली रचण्याच्या अगदी नव्या व्यवसायात हा जुना विवेक आज पुन्हा आठवावा लागतो.

कोणतीही कंपनी आज आपली सारी आज्ञावली स्वतः लिहीत नाही. मजकूर गुप्त करणे, नोंदी ठेवणे अशा कामांचे तयार संच जगभरच्या लोकांनी विनामूल्य खुले करून ठेविले आहेत. ते घेऊन त्यांवर आपली इमारत उभारावयाची, ही रीत होय. तीत गैर काहीच नाही. परंतु एक संच दहा संचांवर उभा असतो, ते दहा आणखी कित्येकांवर. आणि पायात कोणते दगड आहेत, हे घरधन्यालाच ठाऊक नसते. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या अकरा ओळींचा संच त्याच्या कर्त्याने एका वादातून सार्वजनिक भांडारातून काढून घेतला, तेव्हा हजारो प्रकल्पांची जुळणी अडली.

असे काही घडले की दोष कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. संच देणाराने परवान्यातच लिहिलेले असते की, वस्तू आहे तशी दिली आहे, हमी नाही. ग्राहकाला वचन दिले ते कंपनीने. तेव्हा उत्तरदायित्वही तिचेच. उसन्या भांड्यातून नैवेद्य वाढला, म्हणून त्याच्या शुद्धीचा भार भांडे देणाऱ्या शेजाऱ्यावर जात नाही.

छोट्या कंपनीने प्रत्येक ओळ कशी वाचावी, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण कोणता संच, कोणती आवृत्ती, कोठून आणली, याची वही ठेवता येते. आवृत्ती पारखून कायम करता येते. दोष प्रसिद्ध होताच ती बदलण्याचे काम एका माणसाकडे नेमून देता येते. आणि चार ओळींसाठी परका संच न आणण्याचा संयम तर बिनखर्ची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे' या संचातील भयंकर दोष उघड झाला, तेव्हा अनेक संस्थांचे दिवसच्या दिवस तो आपल्याकडे कोठे कोठे आहे हे शोधण्यातच गेले.

यापुढचे कर्तव्य दात्याविषयीचे आहे. जगातील असंख्य व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या 'ओपन-एसएसएल'ला २०१४ च्या 'हार्टब्लीड' संकटापूर्वी वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळे. 'एक्सझेड' हा संच एक थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळीत होता. साहाय्याच्या मिषाने कोणी टोपणनावाने त्याचा विश्वास संपादन केला आणि २०२४ मध्ये त्यात चोरवाट घातली. एका सावध अभियंत्याला अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून ती वेळीच सापडली. त्या एकाकी माणसाच्या मदतीस प्रामाणिक हात आधी गेले असते, तर कपटी हाताला जागा सापडणे कठीण होते.

फुकट मिळालेल्या वस्तूला किंमत नसते, हा समज म्हणूनच घातक होय. तिची किंमत असते. फक्त ती मागावयास कोणी दारी येत नाही. न मागता ती चुकती करणे, हीच घेणाराची पात्रता.