उचललेला भंडारा

कॉलेजच्या तिन्ही वर्षी माझ्या ट्रंकेत भंडाऱ्याची एक पुडी असायची. आजीनं दिलेली. पेपरला जाताना चिमूटभर कपाळाला लावायचा आणि निघायचं, एवढंच तिचं काम. मी देवभोळा नव्हतो, पण लावायचो. त्या पुडीचा परीक्षेशिवाय दुसरा उपयोग मी आयुष्यात एकदाच केला.

साल १९९७. मी टी. वाय. बी. ए. ला होतो. आमच्या माणदेशात कॉलेज म्हणजे तालुक्याच्या गावाला. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं एस.टी.नं यायची, आमच्यासारखी लांबची बोर्डिंगात राहायची. त्या आधीच्या काळात कॉलेजच्या निवडणुका थेट व्हायच्या, सगळी पोरं मतदान करायची. आमच्या चुलत्याच्या तोंडून त्या निवडणुकांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. सायकलच्या साखळ्या, हॉकीच्या काठ्या, भिंतीवर चुन्यानं रंगवलेली नावं. मुंबईत १९८९ साली अशाच निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढं त्या निवडणुका थांबल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं नवी रीत आणली. प्रत्येक वर्गात आदल्या परीक्षेत ज्याला जास्त मार्क त्याला प्राचार्यांनी वर्गप्रतिनिधी नेमायचं. शिवाय खेळ, एन. एस. एस., एन. सी. सी. आणि सांस्कृतिक यांचा एकेक, आणि दोन मुली. एवढ्यांनी मिळून आपल्यातला एक सचिव निवडायचा. कागदावर सचिव, बोलताना सगळे यू. आर. म्हणायचे.

आमच्याकडं आर्ट्स, कॉमर्स, सायन्सचे मिळून नऊ वर्ग. म्हणजे नऊ अधिक चार अधिक दोन, पंधरा मतं. मार्कांवर नेमलेली हुशार पोरं म्हटल्यावर मारामारी नाही, पैसा नाही, असा कायदा करणाऱ्यांचा हिशेब असावा. हिशेब चांगल्या मनानं केलेला होता. पण बाराशे पोरं ताब्यात ठेवायची तर गाव लागतं, पंधरातली आठ ठेवायला एक जीप पुरते, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मी उभा राहिलो. का राहिलो, याचं खरं उत्तर सांगायचं तर गावात नाव व्हावं म्हणून. आमच्या घरातलं कोणी सोसायटीत नाही, ग्रामपंचायतीत नाही. आण्णा चावडीवर गेले तर कडेला बसायचे. पोरगा यू. आर. झाला तर आण्णांना जरा पुढं सरकून बसता येईल, असं मला वाटायचं. हे कारण तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. भाषणात सांगितलं ते कारण दुसऱ्याचं होतं.

त्या दुसऱ्याचं म्हणजे माझ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीचं. ती टी. वाय. बी. एस्सी. ची वर्गप्रतिनिधी. तिच्याकडं एकच मुद्दा होता. सायन्सचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि पूर्वेच्या वाड्यांकडं जाणारी गाडी पाचला निघायची. त्यानंतर थेट मुक्कामाची गाडी, रात्री आठची. पोरं ट्रकला हात करून जायची. पोरी प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायच्या, नाहीतर प्रॅक्टिकल असलेल्या दिवशी यायच्याच नाहीत. तिनं तीनेकशे सह्या गोळा केल्या होत्या. आगार व्यवस्थापकांना द्यायचा अर्ज तयार होता. त्यावर विद्यार्थी परिषदेच्या सचिवाची सही आणि सोबत प्राचार्यांचं पत्र असलं की वजन येईल, म्हणून ती उभी राहिली होती. मी तिचा मुद्दा उचलला आणि तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात मांडला. मला टाळ्याही जास्त पडल्या.

माझ्या बाजूचं गणित आठ मतांचं होतं, एक माझं धरून. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या माणसानं आदल्या रात्री आम्हा आठ जणांना ढाब्यावर जेवायला नेलं. मी त्याला नको म्हणालो नाही. जेवण झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "जेवाण पोटात जिरतं गड्या. सकाळपातूर टिकंल असं कायतरी कर." बोर्डिंगात परत आल्यावर मी ट्रंक उघडली.

सात जणांपुढं मी पुडी धरली. एकेकानं चिमूट उचलली, कपाळाला लावली, बिरोबाचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं. सहाव्याची पाळी आली तेव्हा तो थांबला. तो कॉमर्सचा. पाचवीपासून माझ्या वर्गात होता, मेंढरामागं फिरून शिकलेला. आमच्या घरी कितीदा जेवलेला. पुडीकडं बघत तो म्हणाला, "नुसता शब्द चालंल का?"

आज वाटतं, मला तिथंच कळायला पाहिजे होतं. माणूस शब्द द्यायला तयार आहे आणि भंडारा उचलायला नाही, म्हणजे शब्दात त्यानं स्वतःसाठी थोडी जागा ठेवली आहे. ती जागा त्याची होती. मी म्हणालो, "सगळ्यांनी उचललाय. तू एकटा न उचलून कसं चालंल?" त्यानं उचलला.

दुसऱ्या दिवशी मतपेटीतून माझी आठ निघाली, तिची सात. गुलाल पडला. तिनं येऊन अभिनंदन केलं आणि सह्यांची फाईल माझ्या हातात दिली. "आता तुम्हीच द्या," म्हणाली. आम्ही एका वर्षात शिकत होतो तरी पोरीपोरांत 'तुम्ही'च चालायचं.

फाईल माझ्या ट्रंकेत गेली. कारण पुढच्याच आठवड्यात विद्यापीठाच्या परिषदेची निवडणूक लागली. तिथं आम्हा कॉलेजांच्या सचिवांची मतं. आता मी उमेदवार नव्हतो, मी मत होतो. एका पहाटे बोर्डिंगच्या दारात जीप आली. पळवून नेलं असं म्हणवत नाही, मी पायांनी चालत गेलो. घाटमाथ्यावरच्या एका लॉजवर आम्ही वीसबावीस जण चार दिवस होतो. दोन वेळा मटण, पत्त्यांचे डाव. बाहेर मात्र एकट्यानं जायचं नाही. तिसऱ्या रात्री एकानं देवाचा फ्रेम केलेला फोटो आणून पलंगावर ठेवला. त्यावर हात ठेवून एका नावाला मत द्यायची शपथ घ्यायची होती. त्या नावाच्या माणसाला मी दोनदा लांबून पाहिलं होतं. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "नुसता शब्द चालंल का?"

सगळे हसले. मीही हसलो आणि हात ठेवला. मत त्यालाच दिलं.

का दिलं? चिठ्ठी गुप्त होती, कोण बघायला आलं होतं? मी बऱ्याच वेळा स्वतःला विचारलं आहे. देवाची भीती थोडी होती. पण खरं कारण कॉमर्सवाला. त्यानं माझ्यासाठी भंडारा पाळला असेल आणि मी इथं मोडला, तर परत जाऊन त्याच्या ताटाला ताट लावून बसायचं कसं?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत आजीला सगळं सांगितलं. पुडी कशी कामाला आली ते तर मुद्दाम सांगितलं. ती जात्यापाशी डाळ भरडत होती. हात थांबला. "द्येव म्हंजी काय दावं हाय व्हय रं, माणसं बांधाया?" म्हणाली आणि पुन्हा खुंटा धरला. आण्णा मात्र वेगळं बोलले. "पोरांनी शब्द पाळला ह्यो गुण हाय. मागणाराचं काय ते त्यानं बघावं." बोलून त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आमच्याकडं शब्दाला एवढं मोल का, हे शहरातल्या मित्रांना समजावताना मी बैलांचं उदाहरण देतो. एक बैल याच्याकडं, एक त्याच्याकडं, दोघं सावड करून औत धरणार. पाऊस पडल्यावर वापसा दोनचार दिवसांचा. त्या दिवसात याचा शब्द फिरला तर त्याचं वर्ष गेलं. कागद नाही, स्टँप नाही, साक्षीदार नाही. अशा ठिकाणी शब्द मोडणारा नुसता खोटा नसतो, दुसऱ्याच्या घासावर पाय देणारा असतो. म्हणून दबावाखाली घेतलेली शपथ ही शपथच नव्हे, असं पुस्तकातलं वाक्य मला पटतं आणि पुरत नाही. भीड, उपकार, खाल्लेलं मीठ, दबाव नसलेला शब्द खेड्यात दिला जातो तरी कुठं? असे सगळे शब्द रद्द धरले तर शिल्लक काय राहील?

पण बैल ज्याचा त्याचा असतो. तो सावडीला द्यायचा की नाही हे ठरवणारा मालक असतो. मत तसं आहे का? कॉमर्सवाल्याचं मत त्याच्या वर्गातल्या साठेक पोरापोरींच्या वतीनं होतं. खळ्यावर राखणीला बसलेल्यानं दुसऱ्याच्या राशीतलं माप तोडून द्यावं आणि वर दिला शब्द पाळला म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. आता त्या साठ जणांनी त्याला कुठं निवडलं होतं, त्याला मार्कांनी बसवलं होतं, हेही आहेच. कायद्यानं त्याचं वर्गाशी नातं आधीच पातळ करून ठेवलं होतं. समोर उरलो मी आणि माझी पुडी.

आणि त्यानं भंडारा मोडून तिला मत दिलं असतं तर? मी आज इथं बसून त्याच्या विवेकाचं कौतुक लिहिलं असतं? छे. सात-आठनं पडलो असतो तर कोण फुटला हे हुडकायला मी गावोगाव फिरलो असतो. त्याला तालुक्यात तोंड दाखवू दिलं नसतं. हे माहीत असल्यामुळं माझ्या आजच्या शहाणपणाची किंमत मी फार धरत नाही.

फाईल जानेवारीत दिली. तोवर कॉलेजचं वर्ष उताराला लागलं होतं. गाडीची वेळ त्या वर्षी बदलली नाही, पुढच्या वर्षी बदलली म्हणतात. पूर्वेच्या वाड्यांतल्या दोन मुलींनी त्या हिवाळ्यात कॉलेज सोडलं. एकीचं लग्न ठरलं. दुसरीचे वडील दाखला न्यायला आले तेव्हा मी ऑफिसात होतो. क्लार्कनं कारण विचारलं. "गाडीचं जमंना," एवढंच ते म्हणाले. क्लार्कनं 'घरगुती अडचण' असं लिहिलं.

नंतर नियम बरेच झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून लिंगडोह समिती बसली, २००६ मध्ये तिच्या शिफारशी आल्या. विद्यार्थी उमेदवारानं पाच हजार रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, छापील पोस्टर लावायचं नाही, हजेरी पंचाहत्तर टक्के पाहिजे. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. या सगळ्याच्या बाजूचा मी आहे. मात्र खर्चाचा तक्ता पाहिला की मला माझा खर्च आठवतो. ढाब्याचं बिल दुसऱ्यानं दिलं. भंडाऱ्याची पुडी घरची. उमेदवाराचा एकूण खर्च शून्य रुपये. मी कोणत्याही तपासणीत पास झालो असतो.

कॉमर्सवाला आता तालुक्याला पेंडीचं दुकान चालवतो. मागच्या उन्हाळ्यात म्हशीला सरकी आणायला गेलो होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं चहा सांगितला. इकडचं तिकडचं झालं आणि मी इतक्या वर्षांनी विचारून टाकलं, "भंडारा न्हवता तर कुणाला दिलं असतंस?"

"तिलाच की," तो म्हणाला. जराही न थांबता. "माझी भन त्याच गाडीनं यायची. अकरावीला."

हे मला ठाऊक नव्हतं. त्याची बहीण पाचला पळणाऱ्यांतली होती, हे बरोबर जेवणाऱ्या मला कधी कळलंच नव्हतं.

"मग त्या रातीला बोलला का न्हाईस?"

"बोललो की. नुसता शब्द चालंल का म्हनलं." त्यानं कपातला उरलेला चहा बशीत ओतला. "तू न्हाई म्हनलास."

मग त्यानं पोराला हाक मारली आणि सरकीची पोती माझ्या टेम्पोत टाकायला सांगितली. पैसे देताना मोजून घेतले, वरचे वीस परत दिले.